कॉलेजातली लेडीज रूम, आणि तुम्ही कुठे बसायचात?

एसटीची_खिडकी

मागच्या मंगळवारी ट्रान्सक्रिप्टच्या कामासाठी कॉलेजात जाऊन आले. सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं कॉलेज. ऑफिसात क्लार्क म्हणाले सही साडेतीनला मिळेल तोवर थांबा, आणि थांबा म्हटल्यावर पाय आपोआप जिन्याशेजारच्या लेडीज रूमकडे वळले, डोक्याने काही ठरवायच्या आतच.

दार उघडंच होतं. आत सात-आठ मुली. दोघी सतरंजीवर आडव्या, एक भिंतीतल्या एकुलत्या एक प्लगजवळ जमिनीवर बसून मोबाईल चार्जिंगला लावून जर्नल पूर्ण करतेय, बाकीच्या टेबल टेनिसच्या टेबलाभोवती डबे उघडून. एकीने मान वर करून म्हटलं, "ताई, या ना, बसा." कोण तुम्ही, कुठल्या, काही विचारलं नाही. मी बसले आणि मला खरंच रडू आलं, म्हणून घरी आल्यापासून हा धागा डोक्यात आहे.

ज्यांनी एसटीने ये-जा करून कॉलेज केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. आमच्या गावातून सकाळी एकच गाडी, सहा पंचवीसची. ती चुकली तर वडाप, आणि वडापवाला गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नाही. बीएस्सीची लेक्चर्स साडेसात ते अकरा, प्रॅक्टिकल दीड ते साडेचार, परतीची गाडी सव्वापाचला. म्हणजे रोज मधे अडीच तास आणि शेवटी पाऊण तास, आठवड्याला सोळा तासांच्या वर आम्ही नुसत्या असायचो. होस्टेलच्या मुलींना त्यांची खोली होती, गावातल्या मुली घरी जेवून परत यायच्या, मुलं टपरीवर, पारावर, कुणाच्या तरी गाडीला टेकून. आम्ही कुठे जायचं? कॅन्टीनला बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं, दोघींत एक कटिंग घेतला तरी वीस मिनिटांनी पोऱ्या टेबल पुसायला येतो म्हणजे उठा. लायब्ररीत डबा चालत नाही, बोलणं चालत नाही, पाठ टेकणं तर सोडाच. आणि स्टँडवर बसलं तर आपण घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते की तुमची पोरगी आज दुपारी स्टँडवर होती.

तर ती खोली. दोन लाकडी दिवाण, तीन सतरंज्या, लांब बाक दोन, कडेचा पारा उडालेला उभा आरसा, माठ, कुलूप नसलेलं एक लोखंडी कपाट ज्यात आमचे अ‍ॅप्रन आणि छत्र्या असायच्या, आणि कॅरम. कॅरमची एक काळी सोंगटी कधीतरी हरवली होती तिच्या जागी कोटाचं मोठं काळं बटण होतं, ते थोडं हलकं असल्यामुळे वेगळंच घसरायचं आणि नवीन मुलींना ते जमायला महिना लागायचा. राणीचे ३ धरायचे की ५ यावरून वर्षभर वाद, कारण प्रत्येकीच्या घरचा नियम वेगळा. रोजचा 'ऐक्य' असायचा, त्याचं पान उलटं करून त्यावर डबे. माझ्या डब्यात बहुतेक भाकरी आणि खर्डा असायचा आणि पहिल्या वर्षी मला तो सगळ्यांसमोर उघडायला संकोच वाटायचा, मग कोरेगावकडची एक मुलगी वाघ्या घेवड्याची आमटी आणायची ती म्हणाली, "तुझी भाकरी दे, माझी चपाती घे, आमटी भाकरीशीच लागते." त्या दिवसापासून तीन वर्षं आम्ही डबा कधी आपापला खाल्ला नाही.

आणि मावशी. खोलीच्या शिपाई मावशी, दाराशी स्टुलावर बसलेल्या. त्यांना कुणाची गाडी कितीची हे पाठ होतं. कुणी सतरंजीवर झोपलं असेल तर बरोबर वेळेला पायाला हात लावून उठवायच्या, "ऊठ गं, तुझी पाचची न्हवं का." पोटात दुखत असलं तर सांगावं लागायचं नाही, चेहरा बघून गरम पाण्याची पिशवी आणून द्यायच्या, ती पिशवी त्यांची स्वतःची, घरून आणलेली.

ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या दिवसांत एकदा दुपारीच गाड्या बंद झाल्या आणि आम्ही अकरा जणी अडकलो. फोनला रेंज येत-जात होती. मावशींचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर, त्या सहज जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत. शेवटच्या मुलीचे वडील ट्रॅक्टर घेऊन रात्री साडेनऊला आले तोपर्यंत त्या तिथेच. मधे कुठून तरी त्यांनी पोहे करून आणले, एवढं मोठं पातेलं भरून. आमच्या घरच्यांनी आम्हाला पुढे कॉलेजला पाठवलं त्यात त्या रात्रीचा वाटा आहे असं मला वाटतं, कारण माझ्या वडिलांनी त्यानंतर एकदाही "उशीर झाला तर काय करशील" विचारलं नाही.

मग मार्च २०२०. एका दुपारी कॅरम अर्धा टाकून गाडीला पळालो आणि तो आमचा तिथला शेवटचा दिवस होता हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटची परीक्षा मोबाईलवर दिली. अ‍ॅप्रन कपाटातच राहिला.

परवा कॅरम बघितला. बटण अजून आहे.

मला त्या खोलीसाठी काहीतरी करायचंय, आता पगार चालू आहे. काय द्यावं सुचवा. आणि तुमच्या कॉलेजात तुमची बसायची जागा कुठली होती तेही लिहा, मला मनापासून वाचायचंय.

चाफेकळी

वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडे जीसीआर म्हणायचो, गर्ल्स कॉमन रूम. चार वर्षांत मी तिथे किती वेळा साडी नेसले असेन त्याला गणती नाही, दर गॅदरिंगला तीन जणी मिळून एकीला नेसवायच्या आणि पिना तोंडात धरून सूचना चालायच्या. मला आजही निऱ्या घालता येतात त्या आईमुळे नाही, त्या खोलीमुळे.

माटुंगा_पूर्व

मी रुईयाचा, म्हणजे आमचा कट्टा. बाहेरच्यांना वाटतं कट्टा म्हणजे उडाणटप्पू पोरांची जागा, पण तो खरंच आमचा दिवाणखाना होता. रुईया १९३७ चं, शेजारी पोदार १९४१ चं, पलीकडे व्हीजेटीआय आणि आयसीटी, एवढी कॉलेजं चालत जायच्या अंतरात असल्यामुळे त्या नाक्यावर कोण कुठल्या कॉलेजचं हे कुणी बघायचं नाही. मी डोंबिवलीहून यायचो, घरी दोन खोल्यांत सहा माणसं, मला एकट्याला किंवा मित्रांबरोबर निवांत बसायला आयुष्यात पहिल्यांदा जागा मिळाली ती त्या कट्ट्यावर. एकांकिकेचं वाचन तिथे, भांडणं तिथे, अकाउंट्सवाल्या पोदारच्या मित्राकडून टॅक्स समजून घेतला तो तिथे, वडील गेले तेव्हा अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मी घरात बसवेना म्हणून माटुंग्याला गेलो आणि कट्ट्यावर नुसता बसून राहिलो, कुणी काही बोललं नाही, एकाने फक्त वडापाव हातात दिला.

पण तुमचं वाचून एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. आमच्या ग्रुपमधल्या मुली पावसात आणि दुपारच्या उन्हात कट्ट्यावर नसायच्या, मधे मधे तासभर गायब व्हायच्या, त्या कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. आज बायकोला विचारलं (तीही आमच्याच बॅचची). म्हणाली, "लेडीज रूमला. कट्ट्यावर पाठ कुठे टेकणार?"

खडूफळा

मी ज्युनियर-सीनियर दोन्हीकडे शिकवते, सव्वीस वर्षं झाली. आतल्या बाजूने थोडं लिहिते कारण खोली टिकते कशी आणि जाते कशी ते विद्यार्थ्यांना दिसत नाही.

कॉलेजात जागेची कायम मारामार असते. नवीन कोर्स आला, नवीन तुकडी आली की प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती कॉमन रूम, कारण ती टाइमटेबलवर 'रिकामी' दिसते. तिथे लेक्चर होत नाही ना, म्हणजे वापरात नाही असं धरतात. मी आधी ज्या कॉलेजात होते तिथे अशीच खोली एका सुट्टीत कॉम्प्युटर लॅब झाली, जूनमध्ये मुली आल्या तेव्हा दाराला वेगळी पाटी. आम्ही तिघी शिक्षिकांनी लिहून दिलं, दोन वर्षं मागे लागलो, तेव्हा मागच्या इमारतीत अर्धी खोली मिळाली.

नॅकमुळे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेमुळे, थोडा फरक पडला हे मान्य करायला हवं. सातव्या निकषात स्त्री-पुरुष समानतेसाठी काय केलं ते लिहावं लागतं, त्यात सुरक्षितता, समुपदेशन यांच्या बरोबरीने कॉमन रूमचा उल्लेख असतो. त्यामुळे टीम येणार म्हटलं की रंग लागतो, पडदे येतात, पॅडचं मशीन बसतं. पण मशीनमध्ये पॅड भरायला रोज कोण बघणार हा प्रश्न टीम गेल्यावर उरतो, आणि तिथे तुमच्या मावशींसारखं माणूस लागतं. आमच्याकडे आता ते काम मुलींच्याच एका गटाने घेतलंय, वहीत नोंद ठेवतात, कुणी शेवटचं घेतलं तर दुसऱ्या दिवशी पाकीट आणून ठेवायचं. दोन वर्षं व्यवस्थित चाललंय.

आणि एक. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, चांगलंच झालं. त्याआधी एसटीची महिलांना अर्धी तिकिटं झाली, बारावीपर्यंत पास फुकट आहेच. मुली येतायत, लांबून येतायत, मी वर्गात बघतेय. त्या दिवसभर बसणार कुठे यावर मात्र एकाही मीटिंगमध्ये चर्चा ऐकली नाही.

काळीपिवळी

खडूफळा ताई, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के. मी मराठवाड्यातली. एसटीचा मोठा संप झाला ना, २०२१ च्या दिवाळीपासून पुढे एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा मी एफवायला होते. काळीपिवळीने यायचे, आणि ती मिळेल तेव्हा निघायची, म्हणजे कधी लेक्चरच्या दोन तास आधी पोचायचं तर कधी संध्याकाळी सहापर्यंत सीट नाही. आमच्या कॉलेजात कॉमन रूम नव्हतीच. आम्ही पार्किंगच्या मागे लिंबाखाली बसायचो, बाथरूमला जायचं नको म्हणून पाणी प्यायचं नाही. आमच्या गावच्या पाच जणींपैकी दोघींनी त्या वर्षी कॉलेज सोडलं. घरचे म्हणाले दिवसभर झाडाखाली बसायला पाठवायचं का पोरीला. त्यांच्याकडे बघून मला उत्तर सुचलं नव्हतं.

तुमच्या मावशींबद्दल वाचताना सारखं वाटत होतं की आम्हाला अशी एक खोली आणि असं एक माणूस असतं तर त्या दोघी आज पदवीधर असत्या.

एसटीची_खिडकी

@काळीपिवळी, काय लिहू कळत नाहीये गं. पाणी न पिणं मी पण केलंय, शाळेत असताना. त्या दोघी आता कुठे असतात? मुक्त विद्यापीठातून करायची त्यांची इच्छा असेल तर मला मेसेज कर, माझी मामेबहीण तसंच शिकली, सगळी माहिती आहे तिच्याकडे.

मुळाकाठ

सीओईपी, बोट क्लब. इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं आणि बोट क्लब १९२८ चा, मुळेच्या काठावर. रेगाटाच्या, म्हणजे बोटींच्या वार्षिक कार्यक्रमाच्या वेळी अख्खं पुणे बघायला येतं ते दोन तासांचं, पण आमच्यासाठी बोट क्लब म्हणजे उरलेले ३६४ दिवस. मी लातूरकडचा, होस्टेलला तिघांत एक खोली, पहिल्या सेमिस्टरला एम-थ्री सोडा एम-वनच डोक्यावरून जात होतं, इंग्रजी बोलायची भीती वाटायची म्हणून वर्गात गप्प. बोट क्लबवर एक सीनियर रोज संध्याकाळी वल्ही पुसत बसायचा. मी पण जाऊन पुसायला लागलो, काही बोलायला नको म्हणून. आठवड्याने त्यानेच विचारलं इंटिग्रेशन येतं का रे. त्या पायऱ्यांवर, नदीचा वास, जलपर्णी, डास, या सगळ्यात त्याने मला पूर्ण गणित शिकवलं. पुढे मी दोन ज्युनियरांना तिथेच शिकवलं.

सामायिक जागेचं हेच आहे, कुणाला भेटायला म्हणून जावं लागत नाही. त्याच्या रूमचं दार वाजवून 'मला शिकव' म्हणायची माझी हिंमत कधीच झाली नसती.

शंका_आहे

मनातलं प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. मुलींसाठी वेगळी खोली म्हणजे मुलींना वेगळं बसवणंच झालं ना? मुळाकाठ आणि माटुंगा यांच्या जागा सगळ्यांच्या होत्या, तिथे मुलं-मुली एकत्र घडली. लेडीज रूम चांगली म्हणताना आपण असं तर म्हणत नाही ना की मुलींनी आतच बसावं? माझ्या बहिणीच्या कॉलेजात मुली व्हरांड्यात उभ्या दिसल्या की सर म्हणायचे, "तुमची खोली आहे ना, तिकडे जा."

जुनी_पानं

@शंका_आहे, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या बहिणीच्या कॉलेजात जे व्हायचं ते चूकच. पण थोडं मागे जाऊन बघा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८८० च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी शिकल्या, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी, पुढे १८८९ मध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. संपूर्ण कॉलेजात एक मुलगी. दोन तासांच्या मधल्या वेळात ती कुठे बसत असेल, डबा कुठे खात असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आपली जुनी कॉलेजं बांधली तेव्हा मुली येतील हे धरून बांधलेलीच नाहीत. व्याख्यानाचे हॉल, जिमखाना, मैदान, सगळं मुलांचं. लेडीज रूम ही नंतर, मुली आल्यावर, जिन्याखाली व्हरांड्याच्या टोकाला जागा काढून केलेली खोली आहे, म्हणून ती बहुतेक कॉलेजांत जिन्याखालीच सापडते. मुलींना बाहेरून आत ढकलायला ती झाली नाही, मुलींना दिवसभर कॉलेजात राहता यावं म्हणून झाली.

एसटीची_खिडकी

@शंका_आहे, राग अजिबात नाही. मी माझ्यापुरतं सांगते. मी पहिल्या वर्षी वादविवाद स्पर्धेत नाव दिलं ते लेडीज रूममधे तीन दिवस दिवाणावर उभं राहून सराव केल्यामुळे. समोर सगळ्या ओळखीच्या, अडखळलं तरी कुणी हसलं नाही, एकीने घड्याळ लावून धरलं. चौथ्या दिवशी मी हॉलमध्ये चारशे जणांसमोर बोलले. आधी कुठेतरी पाय टेकायला मिळाले म्हणून बाहेर जाता आलं. व्हरांडा पण आमचा, मैदान पण आमचं, आणि पाठ टेकायला ती खोली पण आमची, तिन्ही पाहिजेत. 'तिकडे जा' म्हणणाऱ्यांना तुमच्या बहिणीने काय उत्तर दिलं?

शंका_आहे

पटलं. 'तिन्ही पाहिजेत' हे पटलं. ती गप्प बसायची तेव्हा. आता ती स्वतः शिक्षिका आहे आणि व्हरांड्यात उभ्या मुलींना काही म्हणत नाही.

मेंडोटाकाठी

अमेरिकेतून लिहितेय, विस्कॉन्सिन विद्यापीठ, मॅडिसन. मास्टर्स इथेच केलं. इथे मेमोरियल युनियन म्हणून इमारत आहे, १९२८ ची, मेंडोटा तळ्याच्या अगदी काठावर. बाहेर टेरेसवर उगवत्या सूर्याच्या किरणांसारखी पाठ असलेल्या लोखंडी खुर्च्या, पिवळ्या, हिरव्या, नारंगी, त्या मॅडिसनची ओळखच आहेत. पण मला सांगायचंय ते आतल्या सोफ्यांबद्दल. मी आले ऑगस्टमध्ये, सांगलीची मुलगी, जानेवारीत तळं गोठून लोक त्यावरून चालायला लागले तेव्हा मला दिवसच्या दिवस बोलायला कुणी नसायचं. रूममेट लॅबमध्ये, घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र. बर्फातून चालत युनियनला जायचे आणि मोठ्या सोफ्यावर बसायचे. काही विकत घ्यायची सक्ती नाही, ओळखपत्र दाखवा नाही, कुणी विद्यार्थी तोंडावर पुस्तक ठेवून गाढ झोपलेला, कुणी बुद्धिबळ खेळतंय. कुणी माझ्याशी बोलायचं नाही पण माणसं आजूबाजूला होती, तेवढ्याने दुपार निघायची.

एक दिवस शेजारच्या सोफ्यावरून फोनवर मराठी ऐकू आलं. "आई, जेवले गं मी, खरंच जेवले." मी ताडकन वळून बघितलं. ती नाशिकची. आम्ही दोघी त्या दिवशी चार तास बोललो आणि ती आता माझ्या मुलीची मावशी आहे.

तुमच्या मुलींनी "ताई या ना बसा" म्हटलं ते वाचून मला तो सोफा आठवला.

कॅरमपटू_पालघर

एक छोटी गोष्ट, बटणाबद्दल. कृपा करून नवीन सोंगट्यांचा सेट देताना ते बटण काढून टाकू नका. आणि राणीचे अधिकृत नियमाने ३ असतात, आता त्यांना सांगून टाका.

दिवाणाखाली

मी सहसा फक्त वाचते, आज लिहायलाच हवं. माझी आई एका कॉलेजात लेडीज रूमला शिपाई होती, बावीस वर्षं. तुमच्या कॉलेजची नाही, आमचा जिल्हा वेगळा. तिच्याबद्दल कुणी असं लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं.

आई दुसरी शिकलेली. संध्याकाळी घरी आली की आम्हा भावंडांना कॉलेजच्या पोरींच्या गोष्टी सांगायची, अमकीचं लग्न घरच्यांनी ठरवलं पण ती परीक्षा द्यायचीच म्हणतेय, तमकीला स्कॉलरशिपचा फॉर्म भरता येईना तर दुसरीने भरून दिला. आम्हाला त्या मुली नावाने माहीत होत्या, चेहरा एकीचाही नाही. जुनी झालेली पुस्तकं मुली तिच्याकडे ठेवून जायच्या, 'मावशी, पुढच्या वर्षी कुणाला लागली तर द्या' म्हणून, ती आई दिवाणाखाली खोक्यात ठेवायची आणि बरोबर गरजू मुलीला काढून द्यायची, कुणाला कळू न देता. मी अकरावीला गेले तेव्हा माझी पुस्तकं त्याच खोक्यातून आली. इकॉनॉमिक्सच्या पुस्तकावर तिघींची नावं होती, मी चौथी. मी बीकॉम झाले, आता पतसंस्थेत आहे.

आईला निवृत्तीला कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं, पण तिला आवडलं ते वेगळंच. त्या वर्षीच्या मुलींनी तिला त्याच दिवाणावर बसवलं आणि सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसून तिच्यासोबत डबा खाल्ला. बावीस वर्षांत ती स्टुलावरून दिवाणावर पहिल्यांदा बसली, असं तिनेच सांगितलं.

एसटीची_खिडकी, तुमच्या मावशी आहेत का अजून? असतील तर त्यांना भेटा. खोलीला काय द्यायचं ते नंतर.

चाफेकळी

दिवाणाखाली, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. खरंच.

एसटीची_खिडकी

दिवाणाखाली, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली उद्याच जा.

मावशी २०२२ ला निवृत्त झाल्या, घर तेच आहे. रविवारी गेले. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. मला ओळखलं ते नावाने नाही, "सव्वापाचची गाडी" म्हणाल्या. माझा अ‍ॅप्रन त्यांच्याकडे आहे! २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा कपाटातलं सगळं त्यांनी घरी आणून धुऊन ठेवलं होतं, पोरी येतील न्यायला म्हणून. चार अ‍ॅप्रन, दोन छत्र्या, एक स्टीलचा डबा. फोटो आमच्या ग्रुपवर टाकला तर डब्याची मालकीण दुबईहून रडत फोनवर.

आता खोलीचं. मी आधी आरसा आणि नवीन सतरंज्या धरून चालले होते, पण सोमवारी रजा काढून पुन्हा कॉलेजात जाऊन तिथल्या मुलींनाच विचारलं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. चार्जिंगला प्लग, कारण एका प्लगसाठी नंबर लावावा लागतो आणि मोबाईल बंद पडला की घरी गाडीचं कळवता येत नाही. आणि दाराला आतून कडी. जुनी कडी तुटलीय, कपडे बदलायचे तर एक जण दाराला पाठ लावून उभी राहते. मी तिथे इतका वेळ बसून आले आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्राचार्यांना भेटले, त्यांनी लगेच हो म्हटलं, अर्ज लिहून दिला. आमच्या बॅचच्या सात जणी मिळून खर्च करतोय. खडूफळा ताई, तुमच्या पॅडच्या वहीची पद्धत पण त्यांना सांगितली, एकीने लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतली.

खडूफळा

छान केलंत. अर्जाची पोचप्रत नक्की घ्या, आणि त्यात 'लेडीज रूम' असा स्पष्ट उल्लेख असू द्या. कागदावर नाव असलं की पुढे कुणी 'रिकामी खोली' म्हणताना विचार करतं.

काळीपिवळी

दोघींशी बोलले. एक हो म्हणाली, मुक्त विद्यापीठाचं विचारतेय. मेसेज केलाय ताई, बघाल का.

एसटीची_खिडकी

@काळीपिवळी बघितला, मामेबहीण आज संध्याकाळी तिला फोन करेल.

@खडूफळा पोचप्रत घेतली, उल्लेख आहे.

शनिवारी काम झालं. वायरमनने दिवाणाच्या उंचीवर सहा सॉकेटचा बोर्ड बसवला, जमिनीवर बसायला नको, आणि दाराला पितळी कडी. दिवाणाखालचं पुस्तकांचं खोकं पण सुरू केलं, पहिली पाच पुस्तकं माझी. कॅरमच्या नवीन सोंगट्या दिल्या, बटण ठेवलंय, मुलींनीच काढू दिलं नाही.

मावशींना रिक्षाने घेऊन गेले होते. त्यांनी बोर्ड बघितला, कडी दोनदा लावून उघडून बघितली, मग सतरंजी उचलून वास घेतला आणि विचारलं, "ह्या उन्हात टाकत्यात का न्हाई?" कुणी टाकत नव्हतं. मग पाच-सहा जणींनी मिळून तिन्ही सतरंज्या जिन्याच्या कठड्यावर उन्हात टाकल्या, मावशी खालून कोपरा नीट करा म्हणून सांगत होत्या. दर शनिवारी टाकायचं ठरलंय, वहीत तेही लिहिलंय.